आईच्या एका हाकेवर बसलेली चाल

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ राहते, शाळेत गणित शिकवते आणि गेली सहा-सात वर्षं फावल्या वेळात गाणी करते, म्हणजे शब्दही माझे आणि चालही माझी. शिक्षण म्हणाल तर थोडी पेटी, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या एका काकांकडे. आत्तापर्यंत वीसेक गाणी झाली असतील, त्यातलं हे एक असं आहे की घरातली माणसं कामं करताना आपसूक म्हणतात. म्हणून ते कसं झालं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते सगळं लिहून काढतेय. एप्रिल 2025 पासून चवथीपर्यंतची, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंतची, 11 रेकॉर्डिंग्ज फोनवर आहेत, वहीत प्रत्येक ओळीच्या मात्रा आहेत, त्यामुळे आठवणीवर फार विसंबावं लागलं नाही.

विषय पहिल्या दिवसापासून ठरलेला होता, पुरुमेंत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पावसाळ्याचे चार महिने घर चालावं म्हणून एप्रिल-मेमध्ये जे भरून ठेवतात ते पुरुमेंत, शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून आलेला. उकडे तांदूळ, मीठ, चिंच, सोलं, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, फणसाची साठं, चेपणीची तोरं, आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी खारे बांगडे, सुकी सुंगटं. मराठीत ह्याला बेगमी म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यांच्यावरच फिरलं.

चाल आधी आली. शाळेतून स्कूटरवरून येताना गुणगुणत होते, 7 मात्रांचा रूपक ताल आणि देस रागासारखं काहीतरी, पावसाचं गाणं म्हटलं की हात आपोआप देसकडेच जातो. घरी येऊन ला ला करून फोनवर ठेवली आणि रात्री शब्द बसवायला घेतले. पहिली ओळ झाली ‘पावसा रे, ये अंगणी’. मोजली, पा 2, व 1, सा 2, रे 2, झाले 7. ये 2, अं 2, ग 1, णी 2, हेही 7. हिशोब एकदम बरोबर, तरी गाताना दुसरा तुकडा दर वेळी अडखळायचा. तीन दिवस मला वाटत होतं की सुरांतच काहीतरी चुकतंय, म्हणून सूरच बदलत बसले.

चूक सुरांत नव्हती. रूपकाच्या 7 मात्रा सलग नसतात, 3, 2, 2 अशा फोडलेल्या असतात, तीं तीं ना, धी ना, धी ना. ‘पावसा रे’ त्यात कसं बसतं बघा, पाव म्हणजे 3, सा 2, रे 2, अगदी खाचेत. ‘ये अंगणी’मध्ये ये ने 2 मात्रा खाल्ल्या की अं तिसऱ्या मात्रेवर सुरू होतो आणि चौथीवर, म्हणजे जिथे टाळी पडते तिथे, अर्धा राहतो. टाळी अक्षराच्या पोटात पडते. कसलेला गायक ते मुद्दाम करतो आणि छान दिसतं, पण साध्या गाण्यात, तेही मुखड्यात, ऐकणाऱ्याला ठेच लागते. मी फक्त शब्द उलटे केले, ‘पावसा रे, अंगणी ये’. अंग 3, णी 2, ये 2. तेच शब्द, तीच चाल, ठेच गेली. एकूण मात्रा जुळणं आणि त्या मात्रांची फोड जुळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि नवीन गाणी करणारी बरीचशी मंडळी माझ्यासारखीच फक्त बेरीज बघतात असा माझा अनुभव आहे.

मुखडा सुटल्यावर उत्साहात अंतरा लिहायला बसले आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. पुरुमेंत हा शब्द चालीत शिरेनाच. पु 1, रु 1, में 2, त 1, मिळून 5. बेगमी सुद्धा 5 च, बे 2, ग 1, मी 2. पण बेगमीची फोड आहे बेग 3 आणि मी 2, म्हणजे रूपकाला हवी तशीच, आणि पुरुमेंतमधला में नेमका त्या तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आडवा पडतो. मग मी केलं काय, तर ‘बेगमी ही’ असं घातलं आणि पुढे गेले. चाल खूश, मी खूश, दोन अंतरे एका रात्रीत झाले.

दुसऱ्या दिवशी आईला ऐकवलं. ती पडवीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती, बिया वेगळ्या, सालं वेगळी, रस खाली भांड्यात. हात थांबला नाही तिचा. गाणं संपल्यावर म्हणाली, ‘बरं आहे. पण बेगमी कोण म्हणतं गो आपल्यात?’

कुणीच म्हणत नाही. आमच्या घरात मराठी बोलतात, वाड्यावर कोंकणी, मिसळून गेलेलं आहे सगळं, आणि ह्या वस्तूला आमच्याकडे एकच शब्द आहे. मी पुरुमेंतवर गाणं करायला निघाले होते आणि चालीच्या सोयीसाठी पुरुमेंत हाच शब्द काढून टाकला होता. हे कळल्यावर त्या दोन्ही अंतऱ्यांकडे बघवेना. ‘रिमझिम धारा’, ‘भिजले मन हे’, सगळे शब्द असे की चालीत बसतात म्हणून आलेले, कुणाच्याही पावसाच्या गाण्यात चालतील असे. पुढचे दोन आठवडे मी पुरुमेंतला रूपकात कोंबायचा प्रयत्न केला, ‘हे पुरुमेंत’, ‘पुरुमेंत गो’, में ओढून बघितला, पु वर जागा घेऊन बघितली. चौथ्या ते सहाव्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त हेच आहे. तो काळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, पण तेव्हाच चाल सोडून द्यायला हवी होती. स्कूटरवर सुचलेल्या चालीवर जीव जडतो आणि मग आपण शब्दांनाच शिक्षा करत राहतो.

मग तो मेचा पाऊस आला. 2025 चा मे सगळ्यांना आठवत असेल, मान्सून केरळात 24 मेलाच पोचला, एरवी 1 जूनची तारीख धरतात, आणि आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच सरी कोसळायला लागल्या होत्या. अर्ध्या गावाचं पुरुमेंत अंगणात आणि वर आभाळ काळं. मी आतल्या खोलीत तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून सातवं रेकॉर्डिंग करत होते आणि बाहेरून आईची हाक आली,

‘अगो, सोलं आत घे, पाऊस आला!’

फोन तसाच टाकून धावले. सोलांचं असं असतं की भिरंडाची सालं रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, हे बरेच दिवस चालतं आणि मध्ये एकदा नीट भिजली की बुरशी धरतात, सगळी मेहनत गेली. सोलं वाचली. मिरच्या मात्र मागच्या अंगणात होत्या, त्या भिजल्या.

रात्री ते रेकॉर्डिंग पुसायला म्हणून उघडलं तर त्यात माझं अर्धवट गाणं, मग ती हाक, मग पावलं, मग नुसता पाऊस आणि तानपुरा. हाक मी परत ऐकली. परत ऐकली. पाच-सहा वेळा ऐकल्यावर लक्षात आलं की ही ओळ गाण्याची आहे, माझ्या सगळ्या ओळींपेक्षा जास्त. वहीत लिहून मोजली. सो 2, लं 2, आ 2, त 1, घे 2, बेरीज 9. पा 2, ऊ 2, स 1, आ 2, ला 2, परत 9. नऊ मात्रांचं काय करायचं, रूपकात बसत नाही, केरवा तालाच्या 8 मध्ये एक जास्त होते, म्हणून दोन दिवस ती ओळ तशीच बाजूला पडून राहिली.

सोडवली पेटीवाल्या काकांनी. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं, मात्रांची वही दाखवली, तर त्यांनी वही मिटून ठेवली आणि म्हणाले, ‘बाय, आधी बोल. आई बोलली तशी बोल, मी ठेका धरतो.’ मांडीवर केरवा सुरू केला, मी बोलले, आणि ओळ आठात बरोब्बर बसली, वर एक कणही उरला नाही.

कारण असं आहे. मात्रा मोजायच्या पुस्तकी पद्धतीत शेवटचा अ पूर्ण धरतात, आत मधला त म्हणजे 1 मात्रा, पाऊस मधला स म्हणजे 1 मात्रा. बोलताना आपण तो अ म्हणतच नाही. आपण म्हणतो आत्, पाऊस्. मग सो, लं, आत्, घे अशी चार वजनदार अक्षरं, प्रत्येकी 2, झाले 8. पा, ऊस्, आ, ला, परत 8. आई काही मोजून ओरडली नव्हती, पण तिचं वाक्य केरव्याचं होतं. काकांनी ह्याला जोडून अजून एक सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं. अभंगात मात्रा मोजतच नाहीत, अक्षरं मोजतात, मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4, आणि तिथे न उच्चारलेलं शेवटचं अक्षरही मोजतात आणि गाताना ओढून म्हणतात. म्हणजे आपल्याकडे दोन्ही रिवाज आहेत, बोलण्यातला आणि अभंगातला. ओळीत कुठला धरलाय ते आपलं आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं, नाहीतर कागदावर 8 आणि गळ्यात 9 असा गोंधळ होतो.

आणि मग मी पुरुमेंत परत बोलून बघितलं. पु, रु, मेंत्. 1, 1, 2. चार मात्रा! अर्धा केरवा. ‘पुरुमेंत भरलं’, भर् 2, लं 2, पूर्ण आठ. एक महिना जो शब्द दारात अडून बसला होता तो सरळ आत आला. मी त्या रात्री खरंच रडले थोडी.

आता चाल. रूपक आणि देस दोन्ही सोडले, मनाला लागलं पण सोडले. मागे तानपुरा चालूच होता त्यामुळे हाकेतले सूर पेटीवर शोधायला सोपं गेलं, अगदी स्वच्छ सूर नव्हते अर्थात, पण उतार-चढाव स्पष्ट होता. सोलं हे दोन्ही सा वर, आत वर आवाज एकदम चढतो तो म पर्यंत, घे वर उतरून रे. पाऊस म आणि प, आला म आणि रे. पुढची ओळ मी जोडली, ‘डोंगरमाथा काळा झाला’, ती प प ध प, म रे सा सा अशी खाली येते. ध आल्यावर कळलं की आपण दुर्गाच्या अंगणात आहोत, सा रे म प ध, ग आणि नि नाहीत. ध च्या जागी नि आला असता तर सारंग झाला असता. राग कसोशीने पाळायचा असं ठरवलं नव्हतं पण बाहेर जायची गरजही पडली नाही. मुखडा असा झाला,

सोलं आत घे, पाऊस आला
डोंगरमाथा काळा झाला

ह्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे आत. केरव्यात सो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो आणि आत पाचव्या मात्रेवर, दुसऱ्या अर्ध्याच्या तोंडाशी, आणि नेमका तिथेच सूर सगळ्यात वर. हाकेतही जोर तिथेच होता, कारण घाई आत घ्यायची होती. पुढे अंतऱ्यातही मी हा नियम सोडला नाही, ओळीचा जो शब्द महत्त्वाचा तो पाचव्या मात्रेवर आणि तिथेच उंच सूर.

पुण्याच्या मावसबहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर तिचा पहिला प्रश्न, सोलं म्हणजे काय, आमसुलं घाल ना, सगळ्यांना कळेल. करून बघितलं. आमसुलं म्हटल्यावर आधीच 5 मात्रा गेल्या, आत घे साठी तीनच उरतात, हाकच मेली. शिवाय एकदा बेगमी करून झालं होतं. कवी बाकीबाब बोरकर, 1910 साली कुडचड्यात जन्मलेले, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहायचे, आपल्या कविता गाऊन म्हणायचे आणि दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. गाण्यात एखादा शब्द विचारावा लागला तर लागू दे, पाऊस आल्यावर आत घ्यायची वस्तू आहे एवढं तर ओळीतच आहे.

अंतऱ्यात मी परत एक चूक केली. सगळं पुरुमेंत त्यात घालायला निघाले, तोरं, साठं, माळा, तांदूळ, चार ओळींत नऊ वस्तू, किराणाची यादी झाली. काकांना आवडली होती ती, गंमत वाटते म्हणाले, पण मी काढली. दोनच वस्तू ठेवल्या आणि दोघींना काहीतरी करायला लावलं,

चिंच मिठाला लागून निजली
गेल्या वर्षी मिरची भिजली
पुरुमेंत भरलं, कोपरा उरला

मिरची आधी ‘यंदा मेमध्ये’ भिजत होती. ते मीटरमध्येही जास्त होत होतं आणि दुसरं म्हणजे गाणं पुढच्या उन्हाळ्यातही म्हणायचंय, तेव्हा यंदा हा शब्द खोटा पडेल. गेल्या वर्षी म्हटल्यावर आठवण पण आली आणि ह्या वर्षीची घाई पण आली. चिंच ह्या शब्दात मात्र मी बोलण्याचा रिवाज मोडलाय, तिथला च पूर्ण एक मात्रा म्हणते, नाहीतर मिठाला मधला ठा पाचव्या मात्रेवर येत नाही. लगेच पुढे म आहे, दोन्ही अक्षरं हलकी, कानाला खटकत नाही.

ह्याच अंतऱ्यात वरचा सां मी आधी निजली च्या ली वर ठेवला होता. ई वर उंच सूर लावला की माझ्यासारख्या न कमावलेल्या गळ्याचा आवाज चिमटतो, आ वर तोंड उघडं असतं, आवाज सुटतो. म्हणून सां उचलून ठा वर नेला आणि ली खाली म वर आणली, झोपल्यासारखी. स्केल पण काळी पाचवरून काळी चारवर उतरवली. इतक्या साध्या बदलांनी गाणं म्हणणं सोपं झालं आणि जे म्हणायला सोपं तेच घरात फिरतं.

कोपरा उरला ही ओळ कुठून आली ते सांगायला हवं. आमच्या माडीवरच्या कोठीत पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची, नऊ माणसांचं घर होतं. आता आई आणि मी. आई अजूनही तेवढंच भरायचा प्रयत्न करते, पण तितकं लागत नाही, आणि खिडकीजवळचा एक कोपरा रिकामा राहतो. मी ह्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, नऊ माणसं, रिकामी ताटं वगैरे, सगळ्या काढल्या. दोन शब्द ठेवले. पेटीवर तिथे मी काहीच भरत नाही, उरला झाल्यावर एक पूर्ण आवर्तन नुसता ठेका जातो आणि मग परत ‘सोलं आत घे’.

2025 ची चवथ 27 ऑगस्टला होती. दुसऱ्या रात्री आरत्या संपल्यावर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीखाली, सगळे बसलेले असताना भाचा म्हणाला, आत्ये ते सोलांचं म्हण, मी घुमट धरतो. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं आणि दुसरं लहान तोंड उघडं, ते डाव्या तळव्याने झाकत-सोडत खर्ज कमी-जास्त करायचा. 2019 मध्ये गोव्याने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलंय. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं लावतात. ऑगस्टच्या दमट हवेत ते सैल पडलं होतं म्हणून त्याने आधी निखाऱ्यांवर शेकून घेतलं. पण पोरगं आरतीच्या लयीत होतं, इतकं पुढे पळालं की आत घे गिळलं जायला लागलं, घ तर ऐकूच येईना. मी थांबवलं, हाक मारल्यासारखं एकदा नुसतं बोलून दाखवलं, आणि त्याने लय धरली ती बरोबर आईच्या हाकेची. पेटीवर जे मला दोन महिने करता आलं नव्हतं ते घुमटाने पहिल्या आवर्तनात केलं, समेवर तो गुबगुबीत खर्ज पडला की खरंच डोंगरावर गडगडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वेळी मुखडा आला तेव्हा काकू आणि दोन्ही आत्या न शिकवता म्हणायला लागल्या. माझ्या रूपकातल्या चालीचं असं कधी झालं नव्हतं, ती मलाच लक्षात ठेवावी लागायची.

आई सगळा वेळ समईपाशी बसली होती. कोपरा उरला नंतर तो रिकामा ठेका गेला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मग वात सारखी करत राहिली. सगळे जेवायला उठले तेव्हा जवळ येऊन म्हणाली, ‘गाणं चांगलं झालंय. पण चिंच मिठाला लागून निजत नाही गो. मीठ चिंचेत मळायचं असतं, आत जायला पाहिजे, नुसतं लागलं तर कीड पडते.’

तिचं बरोबर आहे. ‘मीठ चिंचेच्या आत निजलं’ करून बघितलं तर निजलंला भिजलीचं यमक राहत नाही आणि मिरची सोडायची माझी तयारी नाही. दुसरा अंतराही अजून झालेला नाही. अकराव्या रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ जुनीच आहे. आई म्हणते एप्रिलमध्ये चिंच फोडायला घेऊ तेव्हा मीठ तू मळ, हाताने करून बघ, मग सांग ती कशी निजते.